भुईचाफ्याची साक्ष काढायला

आलापल्ली म्हटलं की लोकांना सागवान आठवतं आणि वाघ आठवतो. मी तिकडे एका वर्षात दोनदा जाऊन आले, एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात. दोन्ही वेळा मान खाली घालून जमीन बघत फिरले. वाघ दिसला नाही. मी शोधलाही नाही. मी गेले होते एका फुलासाठी, आणि खरं सांगायचं तर फुलासाठीही नाही, मायच्या शब्दासाठी.

मी पोंभुर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं, आता चंद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मिरवायला सांगत नाही, असं लिहिणार होते. पण मिरवायलाच सांगते. का नाही मिरवायचं?

माय लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून ओच्यात दोन कंद घेऊन आली होती. तिच्या बापाने रानातून खणून दिलेले. ते तिने न्हाणीच्या मागे, करंजाच्या सावलीत लावले. आमच्याकडच्या उन्हात जी झाडं टिकत नाहीत त्यांची ती जागा. दरवर्षी पावसात तिथे दीड-दोन वीत लांब नवी पानं उभी राहतात. वरून हिरवी, त्यावर फिक्या हिरव्याचे फटकारे, आणि उलटं करून पाहिलं तर पानाचं पोट जांभळं. फूल मात्र आमच्या घरी कधी आलं नाही. विचारलं की माय म्हणायची, "इथी नाई येत. पण थो भुईचाफाच हाये. मी डोळ्यानं पाह्यला हाये."

चंद्रपूरच्या एका पुष्पप्रदर्शनात मी तो कुंडीत लावून नेला. जानेवारी होता. माय नवं निळं पातळ नेसून सोबत आली. मी चिठ्ठीवर सुंदर अक्षरात 'भुईचाफा' लिहिलं. परीक्षक आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "नाव चुकलं. भुईचाफा हिवाळ्यात जमिनीखाली झोपतो, एक पान दिसत नाही. तुमच्या कुंडीत पानं आहेत. ही कुठली तरी रानहळद आहे."

"मले माह्या बापानं खणून देल्लं हाये," माय म्हणाली.

"बाई, मग वडलांनाच कुणीतरी फसवलं असेल," ते म्हणाले. आजूबाजूचे हसले. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या चिठ्ठीवर काट मारली आणि खाली 'रानहळद' लिहिलं.

परतीच्या एसटीत माय कुंडी मांडीवर घेऊन बसली होती, एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर कुंडी अंगणात ठेवली आणि म्हणाली, "फेकून दे."

"फेकत नाई," मी म्हटलं.

पण परीक्षक हवेतलं बोलले नव्हते. माझ्याही पुस्तकात तेच लिहिलेलं होतं: फूल उन्हाळ्यात, उघड्या जमिनीतून, पानं पावसात, हिवाळ्यात काही नाही. फूल आणि पान एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फोनमधल्या अ‍ॅपला फोटो दाखवला तर त्याने एकदा हळद सांगितलं, एकदा कर्दळ. मग ठरवलं. जिथून कंद आला तिथेच, मायच्या माहेरच्या रानात जायचं आणि त्या मातीला विचारायचं.

वैशाख

गोंडपिपरीहून आष्टीच्या पुलावर आलं की वैनगंगा लागते. वैशाखात ती एका कडेला सरकून वाहते, बाकी सगळी रेती. आष्टीच्या पुढे लोहखाणीचे ट्रक सुरू होतात, आणि आलापल्लीला उतरेपर्यंत माझी पांढरी ओढणी विटकरी झाली होती. मामा मोटरसायकल घेऊन उभाच होता.

"जयभीम, मास्तरीणबाई! गेरूनं आंघोळ करून आली काय?"

मामाचं गाव तिथून बरंच आत आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. भुईचाफ्याचा कंद औषधाला जातो आणि खणणारे पोती घेऊन येतात. एक टेकडी त्यांनी रिकामी केलेली मी पाहिली. कोणाला राग आला तर येऊ द्या.

आमच्या गावात वैशाख म्हणजे लग्नं, कूलर आणि दुपारची झोप. इथे वैशाख म्हणजे तेंदूपानं. उजाडायच्या आत गावातली घरं रिकामी होतात, सगळं गाव रानात. दुपारी अंगणात बसून पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, न्यायची. पहिल्या संध्याकाळी मामीने शिळ्या भाताची थंड पेज, कांदा आणि जवसाची चटणी पुढे ठेवली. त्या ट्रकच्या धुळीनंतर तशी चव मी दुसरी घेतलेली नाही.

जेवताना मी फोनवर मायच्या झाडाचा फोटो दाखवला. मामी सिरोंच्याकडची, घरात बहिणीशी फोनवर तेलुगू आणि आमच्याशी झाडीपट्टीची बोली. तिने फोटो जवळ नेला, लांब नेला.

"हे तं रानहळद होय."

"पाह्य, माही बहीण खोटं सांगल काय?" मामा उसळला.

"खोटं कोण म्हणते? चुकली म्हणतो मी. फूल वेगळं, हे पान वेगळं. दोनी एकाच सावलीत असते. ल्हान होती तवा, पाह्यलं असन एक आन समजली असन दुसरं."

झालं. चंद्रपूरचा परीक्षक परवडला, तो निदान परका होता. इथे मायच्या माहेरातच तिच्याविरुद्ध मत पडलं होतं. मामा-मामी त्यावर इतके भांडले की मामीने त्याला दुसरी वाटी पेज दिली नाही.

सकाळी त्यांच्यासोबत रानात गेले. तेंदूचं पान तोडताना देठ असा सोडायचा की पान फाटत नाही. माझी निम्मी फाटली. मामीने ती बाजूला काढत विचारलं, "बी.एस्सी.त पानं तोडाले नाई शिकवत काय वं?"

"नाई. पानांची नावं शिकवतात."

"मंग नावच घेत बस."

दोन दिवसांआधी अवकाळीचा एक शिडकावा येऊन गेला होता. ओढ्याच्या काठाला बांबूची एक रांजी, म्हणजे बेट, त्यावर मोठ्या ऐनाच्या झाडाची सावली. खालचा पालापाचोळा मोहफुलं वेचायच्या वेळी जाळलेला, म्हणून जमीन काळी. आणि त्या काळ्या जमिनीतून, ना देठ ना पान ना फांदी, फूल थेट बाहेर आलेलं. जणू कोणी वरून आणून ठेवलं असावं. वर दोन पांढऱ्या पाकळ्या उभ्या, खाली दोन जांभळट, मध्ये चीर असलेल्या. मी बसले. वाकून नाक लावलं. वास गोड होता, पण भरकन येणारा नाही, थांबून घ्यावा लागणारा.

बसले ती मुंगळ्यांवर बसले. पुढचा काही वेळ मी कशी नाचले ते मामी अजून गावात करून दाखवते.

"हे फूल," मामी म्हणाली, हसणं आवरून. "मी पाह्यतोच दरवर्षी. पण आता पान कुठी हाये? दाखव."

पान नव्हतंच. नसणारच. खणावं असं एकदा मनात आलं. पण खणून कंद दिसला असता, पान दिसलं नसतं. आणि त्या पोती घेऊन येणाऱ्यांत मी आणखी एक झाले असते. मग ओढ्यातले दगड आणले आणि फुलाभोवती गोल मांडले. आणखी दोन फुलं सापडली, त्यांच्याभोवतीही मांडले. पहिल्या फुलाला अगदी चिकटून एक दगड ठेवला, त्यावर पांढरी आडवी रेघ होती. फोटो काढले.

"पावसात येईन," मी म्हटलं. "या रिंगणात जे पान निघेल ते या फुलाचं. मग बोल."

मामी कमरेवर हात ठेवून रिंगणं बघत होती. "पोरी, रानात गोल दगड मांडून चालली. कोणी देव बसवला समजन."

आम्ही तिघंही हसलो. आजोबांनी आमच्या घरातला देव्हारा उतरवला त्याला पिढी होऊन गेली. मामा म्हणाला, "बसू दे. बी.एस्सी.वाला देव."

श्रावण

दुसऱ्या वेळी मी घरून एक पान सोबत घेतलं. न्हाणीमागचंच, ताजं तोडलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. माय दारात उभी होती. डब्याचं झाकण परत उघडून तिने फडक्यावर आणखी पाणी शिंपडलं.

आष्टीला पोचलेच नाही. वैशाखात कडेला सरकलेली वैनगंगा आता पुलावरून चालली होती. एसटी परत फिरली. गोंडपिपरीला माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण राहते, तिच्याकडे मुक्काम झाला. तिच्या सासूने डब्यात काय आहे विचारलं. पान आहे म्हटल्यावर तिला वाटलं शहरातली बाई विड्याचं पान इतकं जपून नेते! दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पण तोवर पान मऊ पडलं होतं. मला त्याचीच चिंता. मामाकडे पोचले तर चुलीवर वास्ते शिजत होते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्यांची भाजी. सात्या म्हणजे वारुळावर येणाऱ्या अळिंब्या. चंद्रपूरच्या बाजारात मी त्या घेते, पण तिथे त्या दोन दिवसांच्या असतात. इथे मामीने सकाळी उपटल्या होत्या. मी पान विसरून जेवले, हे कबूल.

रानात वैशाखातली काळी जमीन ओळखू येत नव्हती. सगळं हिरवं आणि सगळं मांडीपर्यंत. पहिलं जे रिंगण सापडलं, ते रानडुकरांनी उकरून खड्डा करून ठेवलेलं. कंद त्यांना आवडतो. दुसरं पार पाण्याच्या कडेला होतं, ते ओढ्याने नेलं, दगडांसकट. मामाने सिगारेट पेटवली. मामी सोबत होती; टोमणा न मारता ती पुढे होऊन गवत बाजूला सारू लागली, आणि तेच मला जास्त लागलं.

तिसरं रिंगण बांबूच्या रांजीखालचं, पांढऱ्या रेघेच्या दगडाचं. ते जागच्या जागी होतं. आजूबाजूचं गवत कापलेलं. दगडांवर शेंदूर. एका दगडापुढे फोडलेला नारळ आणि मूठभर तांदूळ.

मामीने पदर तोंडात कोंबला आणि ती खालीच बसली. हसून हसून तिला श्वास मिळेना. "म्हटलं होतं न मी! म्हटलं होतं!"

मी पुढे वाकले तसा मागून आवाज आला, "हात नको लावू, बाई."

काटक्यांचा भारा घेतलेली एक म्हातारी बाई होती. बुधाबाई नाव. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड. मामा तिला ओळखत होता.

"मावशी, हे दगड मीच मांडले," मी म्हटलं.

"मांडले असन."

"फुलासाठी मांडले. देव नाई हाये इथी."

"तवा नसन," बुधाबाई शांतपणे म्हणाली. "आता हाये. पेन बसला." पेन म्हणजे गोंडीत देव. "माह्या नातीचा ताप इथी नवस बोलल्यावर उतरला. तू आली नाई पाहाले, मी रोज येतो."

मला वाद घालायची सवय आहे. वर्गात, घरात, पंचायतीत, कुठेही. तापाबद्दलही बोलले असते. पण समोर दिसत होतं की डुकरांनी एक नेलं, ओढ्याने एक नेलं, आणि जे वाचलं ते हिच्यामुळे वाचलं. हिने गवत कापलं, गुरं हाकलली. माझी साक्ष हिच्या देवाने राखली होती. मग मी तिला सगळं सांगितलं. माय, निळं पातळ, चिठ्ठीवरची काट, लोकांचं हसणं. ती भारा खाली न ठेवता ऐकत राहिली.

"तुह्या मायले खोटं पाडलं?"

"तिच्या बापालेही."

बुधाबाईने भारा खाली ठेवला. "पान पाह्य. तोडू नको. दगड हालवू नको."

मी गुडघ्यावर बसले. पण रिंगणात दोन प्रकारची पानं होती. एक लांब, मधल्या शिरेवर तांबूस पट्टा; बोटाने जरा चोळलं तर हळदीचा वास. रानहळदच. मामी बरोबर होती. आणि दुसरं आखूड, उभं, फिक्या फटकाऱ्यांचं. मी ते उलटं केलं. पोट जांभळं.

"दोनी हाये," मामी माझ्या खांद्यावरून म्हणाली. "आता फूल कोणाचं होतं?"

फोन काढला. वैशाखातला फोटो मोठा केला. पांढऱ्या रेघेचा दगड, त्याला चिकटून फूल, दगड आणि फुलामध्ये बोटभरही जागा नाही. आता तोच दगड समोर, शेंदराखालून रेघ दिसत होती, आणि त्याला चिकटून जांभळ्या पोटाचं पान. हळद रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला. मामीने फोन हातात घेतला. फोटो पाहिला, दगड पाहिला, परत फोटो. ती हरायला तयार नसते, पण ती पाहिलेलं नाकारत नाही.

"दगड तोच," ती म्हणाली. "जागा तीच." मग उभी राहून पदर झटकला. "बरं. तुही माय जिंकली. पण हळद बी निघाली, अर्धी मी बी जिंकली."

मी डबा उघडला. मायचं पान मलूल झालं होतं, कडा काळ्या पडल्या होत्या. मी ते उलटं करून रिंगणातल्या पानाशेजारी धरलं. तोच जांभळा रंग, त्याच शिरा, तेच फटकारे. बुधाबाईनेही वाकून पाहिलं.

"एकच हाये," ती म्हणाली. "पण तुहं लय थकलं."

निघताना मी सहज विचारलं, हिवाळ्यात इथे काय असतं. "दिवाळी झाली का काईच नाई," बुधाबाई म्हणाली. "माती."

त्या एका शब्दावर मी मोटरसायकलवर पूर्ण वाट विचार करत आले. दिवाळीनंतर इथे माती. मग आमच्याकडे जानेवारीत पानं कशी? या रानात दिवाळीनंतर थेंब पडत नाही. आमच्याकडे बारा महिने सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी न्हाणीतून थेट त्याच्या मुळाशी जातं. मायनेच मोरी तशी काढली होती, झाड सुकू नये म्हणून. त्याला वर्षानुवर्षं कोणी झोपूच दिलं नव्हतं. म्हणून पानं टिकायची, म्हणून फूल येत नव्हतं. परीक्षकाचं पुस्तक खरं होतं. पण त्याने आमची न्हाणी पाहिली नव्हती.

मामा गाडी चालवता चालवता ओरडला, "गप काऊन वं? देव आठवला काय?"

घरी

मायला सगळं सांगितलं. रिंगणाचं ऐकून ती हसली, बुधाबाईचं ऐकून तिने माहेरच्या दिशेने हात जोडल्यासारखं केलं आणि लगेच ते खाली घेतले. फोटो मात्र परत दाखवू दिला नाही. "मले काय दाखवतं? मी तं पाह्यलंच होतं."

पण दिवाळीनंतर मी मोरीचं पाणी केळीकडे वळवलं तेव्हा ती भांडायला उठली. "त्याले तहान लागल!" पानं पिवळी पडू लागली तशी ती रोज सकाळी न्हाणीमागे जाऊन उभी राहायची. "मारून टाकतं तू त्याले. पुस्तक वाचून मारतं." एकदा मी तिला तांब्या घेऊन चोरून जाताना पकडलं. तांब्या काढून घेतला. शेवटचं पान गळालं तेव्हा मलाही झोप आली नाही, हे मी तिला सांगितलं नाही. माती कोरडी पडली. मी एका बाजूने जरा उकरलं. मुळांना गोट्यांसारखे कंद लोंबत होते, टणक, भरलेले. तिच्या हातात एक दिला. तिने तो दाबून पाहिला आणि परत मातीत ठेवला, हलक्या हाताने.

ज्यांना लावायचा असेल त्यांच्यासाठी सांगते: सावली हवी, पण अंधार नको. माती पालापाचोळ्याची. पाऊस आहे तोवर पाणी, दिवाळीनंतर बंद. आणि जागेवर दगड ठेवा, नाहीतर घरातलंच कोणीतरी कुदळ मारेल. शेंदूर लागला तर लागू द्या.

जानेवारीत तेच प्रदर्शन. मी कुंडी नेली. नुसती माती, वर एक तणही नाही. चिठ्ठीवर त्याच अक्षरात 'भुईचाफा'. माय तेच निळं पातळ नेसली होती. सकाळीच एका स्वयंसेवकाने कुंडी रिकामी समजून उचलली. माय खुर्चीवरून उठली. "हात नको लावू. ठेव खाली." त्याने ठेवली.

परीक्षक तेच. कुंडीपुढे थांबले, चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला.

"यात तर काही नाही."

"मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हटलं, "जानेवारीत एक पान दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. ओळखलं असावं. खिशातलं पेन काढलं. पण चिठ्ठीला न लावता त्यांनी ते मातीत खुपसायला पुढे केलं, खाली काय आहे पाहायला.

"नका उठवू, भाऊ," माय म्हणाली. "थो झोपला हाये. वैशाखात घरी या. च्या पाजतो, फूल दाखवतो."

पेन थांबलं. ते सरळ झाले. पेन खिशात गेलं. चिठ्ठीवर काट पडली नाही. बक्षीस अर्थात शेवंतीला मिळालं, मिळू दे.

परतीच्या एसटीत माय कुंडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने थोड्या वेळाने विचारलंच, "माती कुठी नेऊन राह्यल्या?"

"माती नाई. भुईचाफा हाये."

"दिसत तं नाई."

"हिवाळ्यात दिसत नसते," माय म्हणाली. मग माहेरचं गाव, बापाची कुदळ, ओच्यातले कंद, सगळं तिने न विचारता सांगायला घेतलं. गाडी वळली तसं ऊन खिडकीतून आत आलं. बोलणं न थांबवता मायने पदर ओढला आणि त्या उघड्या मातीवर सावली धरली.